बोर्शवर तर्री

बोर्श हे रशियातलं सूप गरम खातात की गार, हे आमच्या घरात ताई सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आणि ताईला विचारलं तर ती म्हणायची, "कसंही चालते."

ताई म्हणजे नंदिनी, माझी मोठी बहीण. ती रशियात एमबीबीएस करते. "करते" असं मी लिहिलं खरं, पण मार्चमध्ये, ऐन सत्राच्या मधातच ती घरी निघून आली आणि आता ऑगस्ट संपत आला होता. बेस्यातल्या आमच्या गल्लीत बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तिला तिकडची थंडी बाधली, कॉलेजनं आराम दिला आहे, सप्टेंबरमध्ये नवीन वर्ष सुरू झालं की जाईल. बाबा हे इतकं सहज सांगायचे की मलाही कधी कधी खरं वाटायचं. बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये ते सुपरवायझर आहेत. मशीन बंद पडलं तरी "चालू होते, चालू होते" म्हणत फिरायची त्यांना सवय आहे.

ताई आजारी दिसत नव्हती. ती उठायची, आंघोळ करायची, वाढलं तेवढं जेवायची. फक्त ती काहीच ठरवत नव्हती. आई विचारायची, "चहा घेते काय वं?" तर "चालते." "मंग दूधच घे." तर तेही "चालते." एकदा मी मुद्दाम कात्री घेऊन तिच्यामागे उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, तुझी वेणी कापून टाकू?" ती म्हणाली, "चालते." मान पुढे करून बसलीसुद्धा. मी कात्री गुपचूप खणात ठेवून दिली. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. नुसतं थंड वाटत होतं.

मी स्वतः एकदम उलटी. यंदा दहावीला आहे. चौदा एप्रिलला विहारातल्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या काकांचा आवाज बसला, तेव्हा मी धाडकन स्टेजवर चढले आणि शेवटपर्यंत माइक सोडला नाही. तेव्हापासून शाळेतही आभार, स्वागत, सूत्रसंचालन, सगळं माझ्याकडे. तोपर्यंत मला वर्गात उभं राहून पाणी प्यायला जाऊ का विचारायचीही लाज वाटायची. आता वाटत नाही. एका घरात एक मुलगी दिवसभर बोलते आणि दुसरी दिवसभर "चालते" म्हणते, असं चाललं होतं.

त्यात नरखेडहून मोठेबाबांचा फोन आला. मोठेबाबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, बाबाराव. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि आवाज असा आहे की त्यांचा फोन कानाला लावावा लागत नाही.

"पोरीचं जाणं जवळ आलं, तं रविवारी आमी जेवाले येतो. सिंधूलेबी घेऊन येतो," ते म्हणाले. सिंधू म्हणजे माझी आत्या. "पण हे आपलं वरण-भात-पोळी नको गा. इतके वर्षं झाले पोरगी रशियात राहते, आमाले रशियाचं काही चाखवसान का नाही? तिकडचे लोकं बीटाचं काही पितेत म्हणे, रक्तावानी लाल!"

"हौ दादा, नंदिनी करते न. काहून नाही करणार!" बाबा हसत म्हणाले. मग फोन ठेवून त्यांनी ताईकडे पाहिलं. "करशील न बेटा?"

"चालते."

"झालं तं मंग. रविवारी सारे जेवू, अन् सोमवारी मी तिकीट काढून टाकतो. एजंट म्हणते, आता उशीर केला तं जागा नाही भेटत."

यावर ताई काही म्हणाली नाही. "चालते"सुद्धा नाही. हे फक्त माझ्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी भाजी आणायला गेलो. गाडीवरच्या बाईंशी मीच बोलत होते. पत्ताकोबी, गाजर, आलू, टमाटर, कांदे. ताई फक्त बीटापाशी थांबली. एकेक बीट उचलून दाबून पाहायची, मोठी मोठी बाजूला सारायची आणि मुठीएवढी, घट्ट, शेपटी शाबूत असलेली घ्यायची. तिचे हात ओळखीचं काम करून राहिले होते आणि ती स्वतः कुठेतरी बाजूला उभी होती.

"शेपू आहे काय?" तिनं विचारलं.

मी चाटच पडले. लहानपणी आईनं शेपू केला की ताई ताट घेऊन शेजारी जायची.

"तिकडं सगळ्यात शेपू टाकतात," ती म्हणाली. "सूपमध्ये, आलूवर, अंड्यावर. चिप्सच्या पुड्यातसुद्धा."

"म्हणजे आता आवडते तुले?"

तिनं जरा विचार केला. "माहीत नाही. टाकतात, म्हणून खाते."

घरी आल्यावर आईनं कुकर काढून ठेवलाच होता. "दे ते बीट इकडं, चार शिट्ट्या देते."

"कुकर नको, आई."

आई आणि मी दोघीही थांबलो. मार्चपासून या घरात ताईच्या तोंडून "नको" पहिल्यांदाच आलं होतं. आईनं कुकर परत फळीवर ठेवला आणि कणीक घेऊन अंगणाकडच्या दारात जाऊन बसली. ती बसल्या बसल्या मळत होती आणि मळून झालेलीच कणीक पुन्हा मळत होती.

ताईनं सगळ्यात मोठ्या गंजात पाणी ठेवलं. पाण्यात तेजपान, मिरे. मग बीट सोलून ती उभे उभे बारीक काप करायला लागली, आगपेटीतल्या काड्यांसारखे, सगळे एका मापाचे. मला उरलेली बीटं सोलायला आणि मग गाजर किसायला दिलं. मी बोलत होते, अर्थातच. शाळेतलं, मैत्रिणीचं, पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमातलं. थोड्या वेळात आमच्या दोघींचे हात लालभडक झाले आणि मी ते तोंडाला फासून भूत होऊन दाखवलं. ती हसली नाही. पण बघितलं तिनं.

"वैभवी," ती म्हणाली, "मी नाही जाऊन राहिली."

"दुकानात न? मीच जाते, तू बस."

"तिकडं. रशियाले."

सुरी चालूच होती. टक, टक, टक. मी किसणी खाली ठेवली.

"बाबाले सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

"सांगायले जाते, अन् मंग वाटते, जाऊ दे. आता कुणी विमानात बसवलं तं बसून जाईन मी. उतर म्हटलं तं उतरीन." तिनं काप केलेलं बीट कढईत टाकलं, थोडंसं तेल, आणि वरून लिंबू पिळलं. "लिंबानं रंग टिकते," ती मला म्हणाली, आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, "उद्या तिकीट निघालं तं मी जाईन. अन् गेली तं खोलीत झोपून राहीन, मागच्या थंडीत राहिली तशी. क्लासले जाणार नाही. आंघोळ करणार नाही. कुणाले समजणारपण नाही, वैभवी."

बीट मंद आचेवर सुं सुं करत होतं. मी विचारलं, "तिकडं काही झालं काय? कुणी काही केलं?"

"नाही न. तेच तं. काहीच नाही झालं." तिनं टमाटर किसून बीटात घातले आणि हलवत राहिली. "वॉर्डात एक म्हातारी होती. रोज माझा हात धरून बसायची, नातीबद्दल बोलायची. मले अर्धं समजायचं, अर्धं नाही. एक दिवस ती माझ्यासमोर गेली. मी नाडीवरचा हात काढला, धुतला अन् कँटीनमध्ये गेली. तिथं हेच होतं, बोर्श. मी पूर्ण वाटी खाल्ली. दुसरी घेतली. मले वाटलं, यात मीठच नाही. बाजूच्या पोरीले विचारलं तं ती म्हणे, बरोबर आहे. तेव्हा मले समजलं, सूपमध्ये काही कमी नाही."

एवढं ती किती तरी महिन्यांत बोलली नव्हती. मला वाटलं आता ती रडेल. मी रडायला तयार होते, अगदी तिच्या गळ्यात पडायला हात पुसून बसले होते. ती रडली नाही. तिनं दुसऱ्या शेगडीवर कांदा आणि गाजर परतायला घेतलं.

"तू सांगशील काय बाबाले?" तिनं विचारलं. "तुले बोलता येते."

"सांगते!" मी उडीच मारली. "सगळ्यांसमोर सांगते. जेवताना. तिकिटाचं काढलं रे काढलं त्यांनी की लगेच. तू फक्त बस. बाकी माझ्यावर सोड."

"चालते," ती म्हणाली.

गंजातल्या पाण्यात आलू गेले, मग पत्ताकोबी, मग कांदा-गाजर, आणि सगळ्यात शेवटी बीट. पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं, मग इतकं लाल की आई दारातून उठून बघायला आली. ताईनं ठेचलेला लसूण आणि चिरलेला शेपू टाकला, गॅस बंद केला आणि झाकण ठेवलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता याले एक तास हात लावायचा नाही. मुरू द्यायचं. त्याच्याशिवाय चव लागत नाही." मग तिनं जरा थांबून म्हटलं, "असं म्हणतात."

दही तिनं रात्रीच फडक्यात टांगून ठेवलं होतं. त्या चक्क्यात साय फेटून ठेवली, प्रत्येकाच्या वाटीत वरून घालायला. मग ती वरच्या खोलीत कपडे बदलायला गेली आणि मीही तिच्यामागून वर जाऊन आरशासमोर उभी राहिले.

भाषण मी मनातच रचलं. सुरुवातीला जय भीम, मग मोठेबाबांचं आणि आत्याचं स्वागत. मग ताईचे कष्ट. मग, माणसाचं शरीर आजारी पडतं तसं मनही पडू शकतं, असं एक वाक्य. आमच्या शाळेत समुपदेशनाच्या ताई आल्या होत्या, त्यांचंच होतं ते, पण चांगलं होतं. आणि मग थांबून, प्रत्येकाच्या डोळ्यात बघून, "म्हणून माझी ताई परत जाणार नाही." मी तीनेक वेळा म्हणून बघितलं. आवाज छान लागत होता. पलंगावर बसून ताई बघत होती. तिनं ओला टॉवेल मांडीवर तसाच धरला होता.

खाली मोठेबाबांचा आवाज आला, मग आत्याच्या बांगड्यांचा, मग बाबांच्या हसण्याचा. मी अजून एकदा पहिल्यापासून सुरू केलं आणि मधातच मला ठसका लागला. मग ताईला शिंक आली. मग मला. जिन्यातून तिखटाची खमंग, डोळ्यांत पाणी आणणारी वाफ वर येत होती.

मी दोन दोन पायऱ्या सोडत खाली धावले.

स्वयंपाकघरात आत्या पदर खोचून उभी होती. हातात फोडणीचं रिकामं कढलं, चेहऱ्यावर समाधान. आणि गंजात, ताईच्या त्या स्वच्छ लाल बोर्शवर, बोटभर जाडीचा तेलाचा थर. तिखट, गरम मसाला, लसणाचे काळपट तुकडे. तर्री. ठेल्यावरच्या पोह्यांवर घालतात तशी, झणझणीत, चमकणारी तर्री.

"आत्या! हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? झाकण उघडून पाह्यलं तं लाल रस्सा, अन् वर तेलाचा थेंब नाही. म्हटलं पोरगी तर्री द्यायची विसरली. माही वहिनी तं तिकडं पोळ्या लाटत बसली." तिनं कढलं ठेवलं. "असा कोरडा रस्सा वाढला असता तं पाहुणे काय म्हणले असते?"

"पाहुणी तूच आहे न आत्या!"

"मंग! म्हणूनच तं लक्षात आलं."

ताई माझ्यामागून येऊन उभी राहिली. गंजात बघितलं. मी तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की तिनं ओरडावं. भांडं आपटावं. काहीतरी. तिनं दोन्ही हातांनी गंजाचे कान धरले आणि तो उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला.

आम्ही खाली सतरंजीवर बसलो. मधात गंज, पोळ्यांचा डबा, चक्क्याची वाटी, आत्यानं आणलेलं लोणचं. मोठेबाबांनी गंजात डोकावून बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा वा! रशियातबी तर्री असते काय गा? मी समजत होतो ते लोकं फिक्कं खातेत. हे तं आपलेच लोकं निघाले!"

बाबा खूश झाले. "मंग! पोरीनं सकाळपासून मेहनत केली आहे दादा. अन् आता तं काय, पुढच्या वर्षी डॉक्टर. आपल्या घरातली पहिली. एक तारखेले तिचं कॉलेज सुरू होते. उद्या तिकीट काढून टाकतो."

ताईनं माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. "सर्वांना सप्रेम जय भीम," मी म्हणाले. "आज आपण सगळे ज्या निमित्तानं इथं जमलो..."

"अवं बाप्पा!" मोठेबाबा गडगडून हसले. "ही पोट्टी इथंबी माइक घेऊनच बसली! बोल बेटा, बोल. आभार मान. पण रस्सा थंडा होऊन राहिला, थोडक्यात मान."

आत्या हसली, बाबा हसले, आईसुद्धा हसली. ते माझी चेष्टा करत नव्हते, कौतुकच करत होते. पण माझं पुढचं वाक्य गेलं. शोधलं तर त्याच्या पुढचंही गेलेलं. बाबांच्या चेहऱ्यावर एवढं हसू होतं आणि माझ्याजवळ होतं ते समुपदेशनाच्या ताईंचं वाक्य. मी उभी होते. शेकडो माणसांसमोर जी जीभ अडखळली नाही ती आमच्या सतरंजीवर टाळूला चिकटून बसली. विशेष काही वाटतही नव्हतं.

तेवढ्यात पळीचा आवाज आला.

ताई गंजावर वाकली होती. हातात पळी होती आणि ती वरचं तेल काढत होती. पळी आडवी धरून, रश्शाला न ढवळता, नुसता थर उचलायचा आणि शेजारच्या वाटीत सोडायचा. पुन्हा उचलायचा. पुन्हा सोडायचा. अगदी सावकाश, जशी सकाळी बीट कापत होती.

"काढून कायले राहिली वं?" आत्याला राग आला. "चांगली तर्री आहे ते!"

"हे असं नसते, आत्या."

"मंग कसं असते?"

"साधं असते. वर काही नसते." पळी उचलली, सोडली. "बाबा, तिकीट काढू नका. मी जात नाही."

मीठ घ्या म्हणावं तसं ती म्हणाली. मान वर केली नाही. वाटीत तेल भरत आलं होतं.

पोळी कुस्करता कुस्करता बाबांचा हात थांबला. "काय म्हणाली?"

"मी परत जात नाही. कॉलेजले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी अजून उभीच होते.

"तुले माहीत होतं?"

"हौ," मी म्हणाले, आणि खाली बसले.

"आता वं," मोठेबाबांनी घसा साफ केला, "एवढे वर्षं झाले. अर्ध्यातून कोणी असं परत येते काय, बेटा?"

"मी आलीच आहे न, मोठेबाबा," ताई म्हणाली. "मार्चमधेच आली."

शेवटची पळी तिनं निथळून घेतली. खाली पुन्हा तो सकाळचा रंग दिसायला लागला होता, पूर्ण नाही, कडेकडेनं तेलाचे बारीक डोळे तरंगत राहिलेच. तिनं सगळ्यांना वाढलं. आधी मोठेबाबांना, मग आत्याला, बाबांना, आईला, मला. प्रत्येकाच्या वाटीत मधोमध चमचाभर चक्का. स्वतःलाही वाढून घेतलं.

"जेवा," बाबा म्हणाले. "जेवून घ्या आधी."

आम्ही जेवलो. मोठेबाबांनी पोळी कुस्करून त्यात बोर्श ओतलं आणि पाची बोटांनी कालवून खाल्लं. आत्यानंही तसंच. बाबांनीही. आंबटगोड लागत होतं, खाली लसूण, आणि मागाहून घशाशी येणारं ते तिखट, जे कितीही काढलं तरी उरलं होतं. मला चांगलं लागलं की वाईट, ते मी ठरवू शकले नाही. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही आणि कुणी टाकलंही नाही. आत्या आईच्या कानाशी लागून म्हणाली, "माह्या तर्रीनं तं नाही न झालं वं हे सारं?" आईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती तिखट लागल्यासारखं नाक पुसत होती.

पाहुणे लवकरच उठले. एरवी मोठेबाबा संध्याकाळची बस पकडतात. आज म्हणाले, बगीच्यात मोटर चालू ठेवून आलो. जाताना त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथे जरा जास्तच वेळ राहिला. शेवटी म्हणाले, "खात जा बेटा." आत्यानं तर्रीची वाटी डब्यात ओतून घेतली. टाकून कायले द्यायची, घरी भाजीले होते, म्हणाली.

ते गेल्यावर आई भांडी घासायला बसली आणि मी विसळायला. बाहेरच्या खोलीचं दार उघडं होतं. ताई सतरंजीवरच बसलेली. बाबा आत-बाहेर करत होते. एकदा पंखा बंद केला, मग पुन्हा लावला. मग तिच्यासमोर खाली बसले. मला वाटलं आता ओरडतील. आईनं नळ बंद केला.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"अभ्यास जड जाते?"

"नाही."

"कुणी त्रास देते?"

"नाही."

"मंग दुखते काय कुठं? काय होते?"

"काही होत नाही. काहीच वाटत नाही मले." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "दुखतपण नाही."

हे बाबांना पकडता येईना. त्यांच्या मिलमध्ये जे बिघडतं त्याचा आवाज येतो, धूर येतो, निदान लाल दिवा लागतो.

"झोप लागते?"

"लय लागते. उठूनपण झोपल्यासारखंच वाटते."

"कधीपासून आहे हे?"

"मागच्या थंडीपासून. त्याच्या आधीपासूनपण असन."

"अन् आमाले सांगितलं नाही."

"काय सांगू? ताप असता, हात मोडला असता, तं सांगितलं असतं. हे सांगायले काही नव्हतंच, बाबा."

बाबांनी मान हलवली, होची नाही, नाहीचीही नाही, मधलीच कुठलीतरी. मग म्हणाले, "डॉक्टरले दाखवू."

"मीच अर्धी डॉक्टर आहे."

"अर्धीच न," बाबा म्हणाले. "आपण पुऱ्याकडं जाऊ."

ताईच्या ओठाच्या एका कोपऱ्याला काहीतरी झालं. हसू नव्हतं ते. मी ते हसू म्हणून लिहिणार नाही. पण आधी तिथे काहीच नसायचं.

बाबांनी फोन काढला आणि मिलमधल्या ताराचंद काकांना लावला. तेही सुपरवायझरच, पण दुसऱ्या पाळीला असतात.

"ताराचंद, उद्याची माझी फर्स्ट शिफ्ट तू कर गा. मी तुझी सेकंड पुढं करून देईन... हौ. नाही नाही, तसं काही नाही, सारं ठीक आहे." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा ऐकत राहिले. त्यांनी ताईकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. आवाज खाली आला.

"ठीक नाही गा," ते म्हणाले. "पोरीले दवाखान्यात न्यायचं आहे... नाही, लहानीले नाही. मोठीले."